गिरमिट, स्क्रू आणि आपली जुनी दारे

मराठीत ‘गिरमिट’ हा शब्द दोन वाटांनी आला आहे. सुताराच्या पेटीत लाकडाला भोक पाडायचे एक छोटे हत्यार असते. वर आडवी मूठ, खाली पिळाचे अणकुचीदार टोक. इंग्रजी ‘गिमलेट’चे ते मराठी रूप. कोणी तेच तेच बोलून पिडायला लागले की ‘डोक्याला गिरमिट लावू नकोस’ असे आपण म्हणतो, ते याच हत्यारावरून. दुसरे गिरमिट आपल्या घराण्यांच्या कहाणीतले. ‘ॲग्रिमेंट’ हा शब्द मजुरांच्या तोंडी घासून घासून ‘गिरमिट’ झाला आणि त्या कागदावर अंगठा उठवणारे गिरमिटिये झाले.

हा लेख पहिल्या गिरमिटाविषयी आहे. जुन्या दारांच्या बिजागऱ्या, कड्या, कुलपे आणि त्यांतून गळून पडलेले स्क्रू, हा त्याचा विषय. शताब्दीच्या स्मरणिकेत एवढी किरकोळ वस्तू कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण स्क्रूचा इतिहास शोधायला लागल्यावर दुसरे गिरमिटही हाती लागते, असा आमचा अनुभव आहे. शिवाय काम अगदी प्रत्यक्षातले होते. प्रदर्शनासाठी एका कुटुंबाने आपल्या घरची दाराची जुनी जोडी दिली. दोन फळ्या, प्रत्येक फळीला तीन पितळी बिजागऱ्या आणि प्रत्येक बिजागरीला आठ स्क्रू, म्हणजे एकूण ४८. त्यांतले ११ गायब होते. ९ जागी कोणीतरी हाताला लागेल तो लोखंडी किंवा चौफुलीच्या खाचेचा स्क्रू ठोकून दिला होता. मूळचे २८ शिल्लक होते. एका ठेकेदाराने सल्ला दिला की बिजागऱ्या फेका, स्टेनलेस स्टीलच्या लावा, अर्ध्या दिवसात काम होईल. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “बिजागरी बदललीत तर दार माझ्या सासऱ्यांचं राहील का?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले ते इथे मांडले आहे.

स्क्रू नसलेली दारे

आपल्या पूर्वजांनी कोकणात किंवा देशावर सोडलेल्या घरांच्या दारांना बहुधा एकही स्क्रू नव्हता. जुन्या वाड्याचे दार बिजागरीवर फिरत नसे. फळीच्याच एका कडेला वर आणि खाली खुंटा काढलेला असे. खालचा खुंटा उंबरठ्यातल्या खोबणीत बसे, वरचा चौकटीच्या माथ्यातल्या भोकात, आणि दार त्या दोन टोकांवर फिरे. रात्री दाराला लाकडी अडसर लागे, दिवसा कडी आणि कोयंडा. कडी-कोयंडा गावचा लोहार घडवी. तो लाकडात आरपार घालून मागच्या बाजूला टोके वाकवून ठोकत. फळ्या जोडायला सुताराची खाच आणि खुंटी पुरे. लोखंडी खिळे असत, पण तेही लोहाराच्या ऐरणीवर एकेक घडवलेले.

गंमत म्हणजे चिनी कारागिरांची रीतही अशीच होती. तेलोक आयर स्ट्रीटवरचे थिआन हॉक केंग देऊळ १८३९ ते १८४२ या काळात बांधले गेले. त्याचे लाकूडकाम खिळ्यांवाचून जोडलेले म्हणून प्रसिद्ध आहे. चिनी पद्धतीची जुनी दारेही खुंट्यांवर फिरतात. सिंगापुरात मराठी आणि चिनी माणूस शेजारी राहायला आला, तेव्हा दोघांच्याही गावाकडच्या दारांची घडण जवळजवळ एकच होती. दोघांच्याही दाराला पितळी बिजागरी आणि स्क्रू लागला तो तिसऱ्याच ठिकाणाहून येऊन.

बर्मिंगहॅमचा कारखाना

लाकडात बसणारा स्क्रू युरोपात जुना, पण फार काळ महाग होता. कारागीर प्रत्येक स्क्रूचे आटे कानशीने घासून काढी. त्यामुळे दोन स्क्रू सारखे नसत आणि डोक्यावरची खाच क्वचितच मधोमध येई. १७६० साली इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये वायट बंधूंनी यंत्राने स्क्रू कापण्याचे पेटंट घेतले. तिथून ते स्वस्त होऊ लागले. तरीही एक अडचण होती. स्क्रूचे टोक बोथट असे. लाकडात आधी गिरमिटाने पुरते भोक पाडल्याशिवाय तो आत शिरत नसे.

१८४६ साली अमेरिकेत थॉमस स्लोन याने टोकदार स्क्रू यंत्रावर बनवण्याचे पेटंट घेतले. हा स्क्रू स्वतःच आपली वाट काढी, म्हणून इंग्रजीत त्याला गिरमिटाच्या टोकाचा स्क्रू असेच नाव पडले. जॉन सटन नेटलफोल्ड या कारखानदाराने १८५४ साली त्याचे इंग्लंडपुरते हक्क विकत घेतले. भांडवल कमी पडले तेव्हा त्याने आपला मेहुणा जोसेफ चेंबरलेन याला भागीदार केले. बर्मिंगहॅमजवळ स्मेथिक इथे मोठा कारखाना उभा राहिला. चेंबरलेनने हिशेब सांभाळायला आपला अठरा वर्षांचा मुलगा बर्मिंगहॅमला पाठवला. त्याचेही नाव जोसेफच. हा धाकटा जोसेफ वीस वर्षे स्क्रू विकत राहिला. त्याने देशोदेशी बाजार मिळवला आणि १८७४ साली धंद्यातून बाहेर पडला. पैसा गाठीला बांधून तो राजकारणात गेला.

आता दुसरे गिरमिट येते. हाच जोसेफ चेंबरलेन १८९५ ते १९०३ या काळात ब्रिटनचा वसाहतमंत्री होता. सिंगापूर, पेनांग आणि मलाक्का मिळून झालेल्या स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा कारभार १ एप्रिल १८६७ पासून लंडनच्या वसाहत कचेरीकडे गेला होता. मॉरिशसही त्याच कचेरीखाली होते. प्रॉव्हिन्स वेलस्लीच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटावर आणलेले मजूर राबत होते, ते याच कचेरीच्या राज्यात. मॉरिशसला १८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय उतरले. त्यांतले मुंबई बंदरातून गेलेले पुष्कळ लोक कोकणातले होते. नाताळमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन १९०२च्या अखेरीस गांधीजी ज्या मंत्र्याला भेटले तो मंत्रीही हाच, आणि त्याने त्यांना थंड उत्तर देऊन वाटेला लावले.

ज्याच्या घराण्याच्या कारखान्यात दाराचे स्क्रू बनत, त्याच्याच टेबलावर पुढे मजुरांच्या कराराच्या फायली येत. या दोन गोष्टींचा परस्परांशी कार्यकारणसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण एकाच साम्राज्याच्या जहाजांतून एकीकडे स्क्रूच्या पेट्या जात होत्या आणि दुसरीकडे माणसे. दोन्हींची मोजणी होत होती, दोन्हींच्या पावत्या फाडल्या जात होत्या. हे विसरता कामा नये.

त्या व्यवस्थेच्या विरुद्ध कायदेमंडळात उभे राहिलेले नाव मात्र आपल्या मातीतले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली नाताळसाठी होणारी भरती थांबवण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १९१२ साली त्यांनी गिरमिटाची पद्धतच सर्वत्र बंद करावी असा ठराव आणला, तो फेटाळला गेला. मलायातले गिरमिट १९१० साली संपले. भारतातून होणारी बाकीची भरती १९१७ साली थांबली. तेव्हा गोखले हयात नव्हते.

सिंगापुरातले पहिले हात

करारावरच्या मजुरांच्या आधी सिंगापुरात भारतातून आलेले हात होते ते कैद्यांचे. १८२५च्या एप्रिलमध्ये बेंकुलेनहून पहिल्या तुकड्या उतरल्या. पुढे बंगाल आणि मद्रासप्रमाणे मुंबई इलाख्यातूनही जन्मठेपेचे कैदी इकडे धाडले जात. त्यांनी रस्ते बांधले, दलदली बुजवल्या, विटा भाजल्या. १८५६ ते १८६१ या काळात सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल उभे राहिले ते त्यांच्या श्रमावर. आज इस्ताना म्हणून ओळखला जाणारा गव्हर्नरचा वाडा त्यांनी १८६७ ते १८६९ या काळात बांधला. त्यांचे अधिकारी मेजर मॅकनेअर यांनी बेलिस यांच्या जोडीने १८९९ साली या कैद्यांवर पुस्तक लिहिले. ब्रास बासा इथल्या तुरुंगात कैद्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवून कारागीर कसे तयार केले जात, हे त्यात तपशिलाने दिले आहे. १८७३ साली ही पद्धत संपली आणि उरलेल्या कैद्यांना अंदमानात हलवले.

शाळेत मुलांना आम्ही हा इतिहास सांगतो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो, “त्यांची नावे कुठे लिहिली आहेत?” भिंतीवर ती नाहीत. वास्तुविशारदाचे नाव आहे, गव्हर्नरचे आहे. ज्याने चौकट बसवली, ज्याने कोयंडा घडवला, त्याचे नाव नाही. म्हणून त्या हातांची खूण कामातच शोधावी लागते. चौकटीच्या कडेवर रंध्याचा माग असतो. लोखंडावर हातोड्याचा ठोका दिसतो. स्क्रूची खाच जराशी तिरकी असते. आपल्या घराण्यांतल्या माणसांचेही तसेच आहे. छायाचित्रे थोडी, पत्रे त्याहून थोडी. वस्तू मात्र आहेत. ट्रंक आहे, पाटा आहे, दार आहे.

दुकानघरांची दारे

सिंगापूरच्या जुन्या दुकानघरांची ठेवण सगळ्यांच्या ओळखीची आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड, पुढे पाच फुटी पडवी. ही पडवी राफल्स यांच्या १८२२च्या नगररचनेपासूनची. तळमजल्यावर दोन जाड फळ्यांचे दार असते. कित्येक घरांना त्याच्यापुढे कमरेएवढ्या उंचीचे दुसरे दार असते. त्याला मलय भाषेत पिंटू पागार म्हणतात. मोठे दार उघडे ठेवून हे छोटे लावले की वारा आत येतो आणि रस्त्यावरची नजर बाहेर राहते. वरच्या मजल्यावर झडपांच्या उंच खिडक्या असतात. लाकूड सागाचे किंवा चेंगलसारखे मलायातले कठीण.

अशा घराला पन्नास-साठ बिजागऱ्या सहज असतात. त्याखेरीज कड्या, उभे बोल्ट, हूक आणि कुलपांचे पत्रे असतात. म्हणजे एका घरात काही शे स्क्रू. इथली हवा वर्षभर दमट, सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक, आणि समुद्र जवळ. पितळेच्या बिजागरीत लोखंडी स्क्रू घातला तर ओल्या हवेत दोन धातूंच्या संगतीमुळे लोखंड लवकर गंजते. डोके झडते आणि गंजाचा डाग लाकडात उतरतो. पितळेला पितळच लागते, हा जुन्या कारागिरांचा नियम यातूनच आला.

१९६० नंतर गृहनिर्माण मंडळाच्या इमारती उठल्या आणि कुटुंबे जुन्या वस्त्यांतून फ्लॅटमध्ये गेली. पुष्कळ घरे पाडली गेली, दारे सरपणात गेली. १९८९ साली चायनाटाउन, लिटल इंडिया, कॅम्पॉन्ग ग्लॅम, बोट की अशा भागांना सरकारने जतनाचे संरक्षण दिले. आज सात हजारांहून अधिक वास्तू त्या यादीत आहेत. नगरविकास प्राधिकरणाचे तत्त्व असे आहे की मूळचे जितके राखता येईल तितके राखावे, मग जपून पूर्ववत करावे आणि काळजीने दुरुस्त करावे. दार राखले जाते, पण स्क्रूंचा हिशेब ठेवायला कोणाला वेळ नसतो. ते काम घरच्या माणसांचे.

हरवलेला स्क्रू ओळखावा कसा

आधी शेजारचा मूळ स्क्रू एक काढून पाहावा. काढण्याची रीत अशी. खाचेतला जुना रंग टोकदार सळीने साफ करावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून भुकटी उडू देऊ नये, जागा ओली करून घ्यावी आणि मुलांना लांब ठेवावे. पेचकसाचे पाते खाचेत बरोबर बसेल एवढ्याच रुंदीचे आणि जाडीचे घ्यावे, कारण सैल पाते खाच चेंदते. मग स्क्रू सोडवण्याआधी तो किंचित आवळावा, म्हणजे धरलेला गंज तुटतो. तेवढ्याने हलला नाही तर डाग देण्याचे गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावे आणि निवल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर बिजागरीचे चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवावा. एकाच दारातही लांब-आखूड असतात.

मग मापे घ्यावीत. जुने स्क्रू मिलिमीटरमध्ये नाहीत, नंबरात आहेत. नंबर ओळखायची एक सोपी युक्ती सुतार वापरत आणि ती चौथीच्या अपूर्णांकांच्या तासाला फार उपयोगी पडते. डोक्याचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत मोजा, त्यातून एक वजा करा आणि दुप्पट करा. डोके ५/१६ इंच असेल तर पाचातून एक गेला चार, दुप्पट आठ, म्हणजे स्क्रू ८ नंबरचा. डोके ६/१६, म्हणजे ३/८ इंच असेल तर १० नंबरचा. आमच्या दाराचे स्क्रू १० नंबरचे निघाले, लांबी दीड इंच.

नंबरावरून दांड्याची जाडीही काढता येते. शून्य नंबरची जाडी ०.०६० इंच, पुढे प्रत्येक नंबराला ०.०१३ इंच वाढवायचे. ८ नंबर म्हणजे ०.१६४ इंच, सुमारे ४.२ मिलिमीटर. १० नंबर म्हणजे ०.१९० इंच, सुमारे ४.८ मिलिमीटर. आजच्या दुकानात ४, ४.५ आणि ५ मिलिमीटरचे मिळतात. म्हणून आजचा स्क्रू जुन्या भोकात एकतर लुळा पडतो, नाहीतर लाकूड फोडतो.

आकारही पाहावा. जुन्या स्क्रूचा डोक्याजवळचा सुमारे एक-तृतीयांश दांडा गुळगुळीत असतो, आटे त्याच्या खाली सुरू होतात. आजचे बरेच स्क्रू बारीक दांड्याचे, डोक्यापर्यंत आट्यांचे असतात. डोक्यावर सरळ एक खाच असेल तर तो जुन्या घडणीचा. चौफुलीची खाच १९३०च्या दशकात अमेरिकेत आली. टोक बोथट आणि खाच मध्याच्या बाजूला सरकलेली असेल तर तो स्क्रू टोकदार स्क्रूच्या आधीच्या काळातला असू शकतो. तो जपून ठेवावा, बदलू नये.

कुलपांचे आणि मुठींचे छोटे स्क्रू निराळे. ते लाकडात नव्हे, धातूतच बसतात आणि त्यांचे आटे ठरलेले असतात. इंग्रजी मालात १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठरवलेली मोजणी चाले. ३/१६ इंचाच्या व्हिटवर्थ स्क्रूला इंचाला २४ आटे असतात. जाडीने जवळच्या ५ मिलिमीटरच्या आजच्या स्क्रूला इंचाला सुमारे ३२ पडतात. दोन फेरे जातो, मग अडतो. तिथे जोर केला तर शंभर वर्षांचे कुलूप कायमचे बिघडते.

कुठे मिळतो

सुंगेई रोडचा जुना बाजार चालू होता तेव्हा अशा वस्तूंसाठी तिथे जात. १० जुलै २०१७ रोजी तो बंद झाला. आता जालान बसार आणि आसपासच्या गल्ल्यांतली हार्डवेअरची जुनी दुकाने हाच पहिला आधार. तिथल्या एका दुकानात आम्ही नमुना घेऊन गेलो. गल्ल्यावरचे अंकल सत्तरीच्या पुढचे. त्यांनी स्क्रू तळहातावर फिरवला आणि विचारले, “मॅडम, दार विकायला का ठेवायला?” ठेवायला, म्हटल्यावर ते माळ्यावर चढले आणि बिस्किटाचा गंजका डबा घेऊन उतरले. त्यात सरळ खाचेचे १४ पितळी स्क्रू निघाले, १० नंबरचे, पण दोन इंच लांब. “विकायला असतं तर स्टेनलेस दिलं असतं,” ते म्हणाले.

भारतात जाणाऱ्यांनी नमुना बरोबर न्यावा. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या दारांचे सामान मिळते, नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे आणि स्क्रू मिळतात. पुण्यात बोहरी आळीत हार्डवेअरची दुकाने आहेत, आणि बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मोडीतल्या बिजागऱ्या निघतात. मोडकी बिजागरी घेतली तरी तिच्यासोबत सहा-आठ स्क्रू येतात. ‘जुना स्क्रू द्या’ एवढे सांगून काही मिळत नाही. नंबर, लांबी, धातू आणि डोक्याचा आकार या चार गोष्टी सांगाव्या लागतात.

बनवायचा कसा

लांब स्क्रू आखूड करणे हा सर्वांत सोपा मार्ग. दोन इंचाचे १४ स्क्रू आम्ही दीड इंचावर कापले आणि टोक कानशीने गोल केले. टोक गेले म्हणजे स्क्रू बोथट झाला, १८४६च्या आधीच्या स्क्रूसारखा. म्हणून मग भोक आधी गिरमिटानेच नीट करून घ्यावे लागले. एका सभासदांच्या पेटीत त्यांच्या वडिलांचे गिरमिट होते, तेच वापरले.

उरलेले सहा आपल्यातल्या एका काकांनी लेथवर काढले. गोदीत त्यांनी टर्नर म्हणून उभी हयात घालवली आहे. पितळी सळई घेऊन आधी डोक्याचा उतार मूळ स्क्रूशी ताडून पाहिला. बिजागरीतल्या खळग्यात डोके पुरते बसले नाही तर दार मिटताना अडते. मग दांडा, मग आटे, आणि शेवटी करवतीने खाच. एकेका स्क्रूला जवळजवळ पाऊण तास लागला. स्मेथिकच्या यंत्रांनी जगाचे हात कशावरून जिंकले ते त्या पाऊण तासात समजले.

बसवतानाही घाई नको. पितळ मऊ असते, कठीण सागात नुसते पिळले तर मान तुटते. त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी भोकात फिरवून काढावा, म्हणजे आट्यांची वाट तयार होते. मग पितळी स्क्रूला मेणबत्ती किंवा साबण चोळून हळू बसवावा. भोक मोठे झाले असेल तर जाड स्क्रू घालू नये. सागाची बारीक ढलपी सरस लावून भोकात ठोकावी, वाळू द्यावी आणि नव्याने भोक पाडावे.

नवे ते नवे

सगळे बसल्यावर वाद झाला तो रंगावरून. जुने २८ स्क्रू काळपट तपकिरी, नवे २० लखलखीत. पितळेला अमोनियाची वाफ दिली तर ते काही तासांत काळवंडते आणि शंभर वर्षांचे दिसू लागते. काही जणांचे मत होते की तसे करावे, प्रदर्शनात छान दिसेल. आम्ही ते केले नाही.

कारण असे. आपल्या घराण्यांच्या गोष्टींतही अशी वाफ देण्याची सवय आहे. पणजोबा मजूर होते असे म्हणण्याऐवजी ते मुकादम होते असे सांगितले जाते. कराराचा कागद होता असे न म्हणता ते स्वखुशीने फिरायला आले असे सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. मूळ माणसाचा मान राखावा एवढेच त्याच्या मनात असते. पण पुढच्या पिढीने खरे-खोटे वेगळे करायचे ठरवले की सगळेच संशयास्पद होते, खरे मुकादमही आणि खरे मजूरही. अंगठा उठवून समुद्र ओलांडलेल्या माणसाला आपल्या पॉलिशची गरज नाही. तो जसा होता तसा पुरेसा मोठा आहे.

दाराचेही तसेच. नवा स्क्रू घडणीने जुन्याच्या जोडीचा असावा, धातू तोच, खाच तीच, माप तेच, म्हणजे बिजागरीवर अन्याय होत नाही. पण तो नवा आहे हे पाहणाऱ्याला कळावे. लेथवर काढलेल्या सहा स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी आम्ही पंचने एक बारीक टिंब उठवले आहे. कोणता स्क्रू कुठे, कोणी, केव्हा बसवला त्याचा तक्ता वहीत लिहिला आहे आणि त्याची एक प्रत दारामागच्या पाकिटात ठेवली आहे. आणखी शंभर वर्षांनी कोणी हे दार उघडले तर २८, १४ आणि ६ असा हिशेब त्याला मांडता येईल. आजींच्या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हेच. दार सासऱ्यांचे राहिले आहे, आणि त्यात कोणाकोणाचा हात लागला तेही लपवलेले नाही.

एक विनंती

ज्यांच्या घरी जुने दार, ट्रंक, पेटी किंवा कपाट आहे त्यांनी एवढे करावे. दुरुस्तीला देण्याआधी बिजागऱ्यांचे आणि स्क्रूंचे जवळून छायाचित्र घ्यावे. कारागिराला ‘काढलेले सगळे स्क्रू परत द्या’ असे आधीच सांगावे. तुटलेलेही फेकू नयेत, त्यांच्यावरूनच नवे बनतात. मुलांना एक स्क्रू हातात द्यावा, डोक्याचे माप घ्यायला लावावे आणि नंबर काढायला सांगावे. मग तो कुठून आला ते सांगावे, आणि त्याच जहाजांच्या वाटेने आपली माणसे कशी आली तेही सांगावे. ‘गिरमिट’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना कळले पाहिजेत.

प्रदर्शनात दाराची जोडी उघडमीट करता येईल अशी टांगली आहे. हात लावायला मनाई नाही. फळी ओढून पाहा, ती कुरकुरत नाही. टिंब असलेले सहा स्क्रू शोधून काढणाऱ्या मुलांना काका लेथची गोष्ट सांगणार आहेत.